जुन्या मोटरसायकलची रेस खाली येत नाही, तेव्हा कुठे बघायचं

इंदूरला पलासियाच्या सिग्नलला उभे आहात, मूठ पूर्ण सोडलेली आहे आणि तरी इंजिन इतकं ओरडतंय की शेजारचा स्कूटरवाला वळून बघतो. गॅरेजमध्ये नेली की उस्ताद कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू दोन आटे मागे घेतो, ''लो भिया, रेस कम कर दी'' म्हणतो आणि त्या दिवशी गाडी खरोखर शांत होते. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच. किंवा त्याहून वैताग आणणारा प्रकार: सकाळी थंड इंजिन स्क्रू खाली घेतल्यामुळे बंद पडतं आणि दुपारी तापलं की तेच इंजिन रेस सोडत नाही. मग तोच स्क्रू वर, पुन्हा खाली. जुनी स्प्लेंडर, सीडी १००, बॉक्सर, आरएक्स १००, बुलेट, ज्यांच्याकडे कार्बोरेटरवाली गाडी आहे त्यांच्यापैकी निम्म्या लोकांची ही तक्रार असते.

स्क्रू हे दुखणं नाहीच. मोकळ्या इंजिनाची रेस वाढायची तर आत जास्त हवा गेली पाहिजे. (इग्निशनचा एक अपवाद आहे, तो पुढे येईल.) नुसतं पेट्रोल जास्त गेलं तर रेस चढत नाही, उलट इंजिन बुडतं, भकभक करतं, काळा धूर सोडतं. म्हणजे शोधायचं एवढंच की जास्तीची हवा कुठून जाते. तिला मुख्य वाटा दोन. एक तर कार्बोरेटरमधली स्लाइड, म्हणजे मूठ पिळली की वर उचलली जाऊन हवेची वाट उघडणारा तुकडा, जिला आपल्याकडचे मेकॅनिक 'पिस्टन' म्हणतात, ती पूर्ण खाली बसत नाही. नाहीतर हवा कार्बोरेटरला बगल देऊन त्याच्या आणि हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मधल्या कुठल्यातरी फटीतून शिरते. स्क्रू फिरवून दुसऱ्या प्रकारची फट बुजत नाही, फक्त काही दिवस झाकली जाते.

त्याआधी तक्रार नक्की कोणती आहे ते ठरवा, कारण 'रेस जास्त आहे' या नावाखाली लोक वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. चालत्या गाडीत रेस चढते पण गाडी त्या मानाने पळत नाही, विशेषतः चढावर किंवा मागे कोणी बसलं की, तर तो क्लचचा मामला आहे: प्लेटी झिजल्यात, केबलला ढील राहिलेली नाही, किंवा कोणीतरी कारचं इंजिन ऑइल भरलंय आणि ओला क्लच त्यात घसरतोय. कार्बोरेटर उघडू नका. कुणी पुढचं चेन-स्प्रॉकेट कमी दातांचं बसवून दिलं असेल तरी त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, तो दोष नाही, गिअरिंग आहे. खाली जे लिहिलंय ते उभ्या गाडीसाठी आहे: मूठ सोडल्यावर रेस वरच राहते, किंवा खाली यायला भलताच वेळ लावते.

शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांचं आयडल, म्हणजे मूठ सोडल्यावरची रेस, मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असायला हवं. या गाड्यांना आरपीएमचा काटा नसतो, पण ओळखायला सोपं आहे. पहिला गिअर टाकताना 'खट्‌' होऊन गाडी पुढे हिसका देत असेल तर रेस नक्की जास्त आहे. आणि हा फक्त पेट्रोलचा प्रश्न नाही. सिमरोळच्या पुढे भेरूघाट उतरताना मूठ सोडली की इंजिनाने गाडी धरून ठेवायला हवी. रेस वर अडकलेलं इंजिन धरत नाही, सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो आणि तापलेल्या ड्रम ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही.

आता मुख्य चाचणी. एवढी एकच केलीत तरी अर्धं काम झालं. गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून चांगली गरम करा. मग स्टँडवर चालू ठेवून आयडलचा स्क्रू (उस्ताद फिरवतो तोच) हळूहळू पूर्ण बाहेर घ्या, म्हणजे तो स्लाइडला टेकणारच नाही इतका. किती आटे फिरवले ते मोजून ठेवा. निरोगी गाडी या वेळी बंद पडलीच पाहिजे, कारण स्लाइड तळाला बसली आणि हवेचा रस्ता संपला. बंद पडली तर खूश व्हा: कोणीतरी स्क्रू जास्त आवळून ठेवला होता, एवढंच. पडली नाही आणि मजेत फिरत राहिली, तर हवा दुसरीकडून येतेय. मग कार्बोरेटरच्या डोक्यावरची रबरी टोपी सरकवून मुठीच्या केबलचा अ‍ॅडजस्टर पूर्ण ढिला करा. रेस पडली तर दोष केबलचा. तरीही फिरतेय तर स्लाइड अडकलीय, चोक उघडा राहिलाय किंवा फट आहे.

केबल तपासायची साधी खूण: इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे. एखाद्या बाजूला रेस चढली तर केबल कुठेतरी ताणली जातेय. हे बहुतेक वेळा टाकी काढून बसवल्यावर, किंवा हेडलाइटचं काम झाल्यावर होतं: केबल टाकीखाली दाबली जाते किंवा हँडलच्या चुकीच्या बाजूने जाते. मूठ फिरवताना सुरुवातीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरायला हवी. ती मोकळीक शून्य असेल तर केबल स्लाइडला सतत थोडं उचलून धरते. जुन्या केबलच्या आतली तार गंजते, एखादा धागा तुटून नळीत अडकतो, म्हणून पहिल्या पावसानंतर ही तक्रार वाढते. तेल सोडून महिना-दोन महिने चालवता येतं, पण तुटका धागा दिसला की केबल बदलाच. रेसमध्ये अडकलेली केबल भर रहदारीत काय करू शकते, वेगळं सांगायला नको.

स्लाइडचा एक खास घोटाळा सांगतो, कारण तो नुकत्याच 'सर्व्हिस' झालेल्या गाडीत सापडतो. स्लाइडच्या तळाला एका बाजूने तिरपा काप असतो. तो एअर फिल्टरच्या बाजूला यायला हवा. शिवाय अंगावर उभी खाच असते, ती जागेवर बसली की स्लाइड तळापर्यंत जाते. घाईत कोणी ती उलटी फिरवून आत ढकलली तर ती वरच लटकते आणि किक मारताक्षणी इंजिन गगनाला भिडतं. असं झालं तर लगेच चावी बंद. वरचं झाकण काढून स्लाइड फिरवून बसवा, हाताने मूठ पिळून सोडा, तळाला टेकल्याचा 'टक' आवाज आला पाहिजे. तो आल्याशिवाय किक मारू नका. वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या स्लाइडच्या अंगावर उभे ओरखडे पडतात, त्यातही ती अडकते. पॉलिश पेपरने घासून तिला 'मोकळी' करण्याचा मोह टाळा, कारण स्लाइड सैल झाली की तिच्या बाजूने हवा जाते आणि मग आयडल कधीच बसत नाही.

चोकबद्दल थोडक्यात. आरएक्ससारख्या गाड्यांत चोक म्हणजे झडप नसून छोटा दट्ट्या असतो, जो उचलला की पेट्रोल आणि हवा दोन्ही वेगळ्या वाटेने आत जातात. त्याचं खालचं रबर झिजलं किंवा दट्ट्या पूर्ण बसला नाही, तर चोक 'बंद' असूनही गाडी थोडी रेसमध्ये राहते आणि प्लग काळा पडतो. प्लग काळा आणि रेस वर, हे दोन्ही एकत्र दिसलं की आधी इथे बघा.

आता फटीकडे येतो. माझ्या मते जुन्या गाड्यांत खरा चोर इथेच असतो आणि गॅरेजमध्ये सर्वांत कमी बघितलं जातं तेही हेच. कार्बोरेटर आणि हेडच्या मधे रबरी मेनिफोल्ड किंवा काळा बेकलाइटचा जाड तुकडा असतो, दोन्ही बाजूंना पॅकिंग किंवा ओ-रिंग. इंजिनाच्या उष्णतेने हे रबर वर्षानुवर्षं शिजतं. वरून बघितलं तर ठीकठाक दिसतं. हाताने वाकवलं की आतल्या वळणात बारीक चिरा उघडतात.

आमच्या राजेंद्रनगरातल्या एका काकांच्या शंभर सीसीच्या गाडीचं असंच होतं. थंडीत सकाळी बंद पडते म्हणून स्क्रू वर, एप्रिलमध्ये ओरडते म्हणून स्क्रू खाली, हा खेळ दोन-तीन वर्षं चालला होता. मधे एकाने कार्बोरेटरच बदला म्हणून सांगितलं. काकांचं म्हणणं, गाडी पुण्याहून आणलीय, तिला इंदूरची हवा मानवत नाही. (पुणं आणि इंदूर दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहेत, तेव्हा हवेला दोष देण्यात अर्थ नव्हता. आणि उंचीवर हवा विरळ झाली तर मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, कमी नाही.) मुख्य चाचणीत स्क्रू पूर्ण बाहेर घेतला तरी इंजिन निवांत फिरत राहिलं. केबल ढिली केली, फरक नाही. मग झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आणली आणि मेनिफोल्डच्या सांध्यावर बारीक फवारा मारला. हेडच्या बाजूला काही नाही. कार्बोरेटरच्या बाजूला, खालच्या अंगाला पाणी लागताच रेस एकदम खचली, दोन सेकंदांनी परत वर. पाण्याने फट क्षणभर बुजली होती.

कार्बोरेटर उतरवला तर ओ-रिंग खाचेत चपटी होऊन बसलेली, वर आरशासारखी चकाकी. नख दाबलं तर खूण उमटेना. रबर गोल आणि मऊ असायला हवं. ते एवढंच असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं, पण कार्बोरेटरच्या फ्लॅंजवर, म्हणजे बोल्टने आवळल्या जाणाऱ्या चपट्या तोंडावर, स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला तेव्हा मधोमध उजेडाची रेघ दिसली. बोल्ट आवळून आवळून फ्लॅंजचे दोन्ही कान पुढे वाकले होते आणि मधला भाग मागे राहिला होता. गळती वाटली की माणूस अजून आवळतो आणि जितका आवळतो तितकी मधली फट वाढते. जाड काचेच्या तुकड्यावर बारीक वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) पसरवून, थोडं पाणी टाकून, फ्लॅंज आठच्या आकड्यात फिरवत घासला, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. मग पेट्रोलने धुऊन, हवा मारून, नवी ओ-रिंग. ओ-रिंगची किंमत छप्पन दुकानवरच्या दोन प्लेट पोह्यांपेक्षा कमी होती. बसवल्यावर स्क्रू बाहेर घेतला आणि गाडी लगेच बंद पडली. इतकी वर्षं बंद पडू नये म्हणून धडपडणाऱ्या काकांना ती बंद पडल्याचा आनंद का मानायचा, हे समजवायलाच जास्त वेळ लागला.

फवाऱ्याची चाचणी करताना पाणी प्लगच्या टोपीवर किंवा कॉइलवर जाऊ देऊ नका, तिथे ओल लागली तरी इंजिन अडखळतं आणि तुम्ही भलत्याच जागी फट शोधत बसाल. काही जण सिरिंजने पेट्रोल टाकून बघतात. तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर पेट्रोल उडवणं हा शहाणपणा नव्हे. कार्ब क्लीनरचा स्प्रेही पेट घेतो, पाण्याने भागत असेल तर पाणीच बरं. नंतरच्या काही मॉडेलांत मेनिफोल्डवरून एक पातळ रबरी नळी निघते. ती तडकली किंवा टोकाची टोपी निघून गेली तरी लक्षण हेच, म्हणून तिच्यावरही एक फवारा मारा.

फट नाही, केबल-स्लाइड ठीक, आणि तरी रेस खाली यायला वेळ लावते, लटकून राहते, तर पायलट जेट बघा. स्लाइड खाली असताना इंजिनाला पेट्रोल याच जेटमधून मिळतं आणि त्याचं भोक मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं असतं. ते अर्धं चोंदलं की आयडलला पेट्रोल कमी पडतं, गाडी बंद पडू लागते, मग कोणीतरी स्क्रू वर करून स्लाइड उचलतं. झाली सुरुवात. ओळखायची रीत: गरम इंजिनावर चोक थोडासा ओढा. मिश्रण बरोबर असेल तर इंजिन बुडायला लागतं. उलट सुधारलं, आवाज एकसारखा झाला, तर पेट्रोल कमी येतंय. जेट काढून उजेडाकडे धरा, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. सेफ्टी पिन घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट वाया गेला. वायरीतली तांब्याची एक बारीक तार पुरते, वर कॉम्प्रेसरची हवा.

इथे हल्लीच्या पेट्रोलची गोष्ट येते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ च. म्हणजे मिश्र पेट्रोलला कमी हवा पुरते, साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनवाली नवी गाडी हे सेन्सरवरून सांभाळते. कार्बोरेटर बिचारा जुन्या हिशेबानेच जेवढी हवा तेवढं पेट्रोल देतो, त्यामुळे आधीच जेमतेम असलेलं मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. एअर स्क्रू (मिश्रणाचा स्क्रू) पुन्हा लावला की बऱ्याच गाड्यांचं भागतं. इथेनॉल ओलही धरून ठेवतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाउलमध्ये (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीत) पांढरी भुकटी सापडते आणि तीच जेटमध्ये जाते. गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून बाउलचा खालचा स्क्रू सोडा आणि पेट्रोल काढून घ्या.

टू-स्ट्रोकवाल्यांनी हे सगळं दुप्पट गांभीर्याने घ्यावं. आरएक्समध्ये क्रँककेसही हवेच्या वाटेवर असते. मॅग्नेटोच्या (वीज बनवणाऱ्या चक्राच्या) बाजूचं ऑइल सील कडक झालं की तिथून हवा आत ओढली जाते. धूर नाही, गळती नाही, फक्त रेस चढते आणि फवाऱ्याला काही सापडत नाही. (क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल जळून पांढरा धूर येतो आणि ऑइल कमी होत जातं, ते कळतं तरी.) पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक चालवत राहिलात तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. म्हणून आरएक्सची रेस अचानक वाढली तर 'रविवारी बघू' म्हणू नका. चावी बंद करूनही इंजिन फिरत राहिलं तर चोक ओढा, किंवा पुढचा ब्रेक घट्ट धरून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून बंद पाडा.

जुन्या पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच असलेल्या) बुलेटमध्ये इग्निशनचा तो अपवाद येतो. बुलेटच्या पॉइंटच्या मागे दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा असतात, रेस वाढली की ती टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे नेतात आणि रेस उतरली की परत आणतात. स्प्रिंग ढिली पडली किंवा वजनं गंजून अडकली तर टायमिंग पुढेच राहतं. मग आयडल वर, आणि किक मारताना पायाला उलटा झटका. दोन्ही लक्षणं एकत्र असतील तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी पॉइंटचं झाकण उघडा.

मूळ कारण सापडून दुरुस्त झाल्यावरच स्क्रू लावायचा, आणि तोही पूर्ण गरम इंजिनावर. थंड इंजिनावर लावलेला आयडल दुपारी चढणारच. आधी आयडल स्क्रूने रेस किंचित वर ठेवा. मग मिश्रणाचा स्क्रू हलकेच आत टेकवून दीड-दोन आटे बाहेर घ्या, आणि अर्धा-अर्धा आटा इकडेतिकडे करत रेस सर्वांत वर आणि सर्वांत एकसारखी कुठे होते ते शोधा. तो स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर घेतल्याने हवा वाढते, इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर घेतल्याने पेट्रोल वाढतं. हे माहीत नसेल तर उलट्या दिशेने तासभर जातो. शेवटी आयडल स्क्रूने रेस खाली आणा. मूठ झटकन पिळून सोडा, रेस सरळ खाली येऊन थांबली पाहिजे. खाली येऊन बुडली तर मिश्रणात पेट्रोल जास्त, वर लटकली तर अजून कमी.

हेडलाइट सिग्नलला मंद होतो म्हणून रेस वाढवून घेणारे बरेच आहेत. बऱ्याच जुन्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालतो, आयडलला तो मंद होणारच. त्यासाठी रेस वाढवू नका.

नवी ओ-रिंग किंवा मेनिफोल्ड बसवला असेल तर दोन दिवस चालवून इंजिन थंड असताना बोल्ट पुन्हा एकदा तपासा. नवं रबर बसल्यावर ते थोडे ढिले होतात. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे-थोडे, आखूड पान्याने आवळा. लांब पाना गॅरेजवाल्याच्या हातातून काढून घ्यायची वेळ आली तर घ्या.